शनिवारचा बोलर

चामराजपेटेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत एक काळा फळा होता. त्यावर धावा लिहीत नसत, विकेटीही लिहीत नसत. बोलरचं नाव, त्यापुढे ‘जिंकल्या’, त्यापुढे ‘हरल्या’, आणि मॅचगणिक एक उभी रेघ. बस्स, संपला हिशेब. दुसऱ्या कुठल्या क्रिकेट क्लबात असला फळा असेल असं मला वाटत नाही, आणि असलाच तर तिथल्या बोलरांची मला कीव येते.

हे खूळ आमच्या अण्णांचं. अण्णा म्हणजे मंडळाच्या टीमचे सर्वेसर्वा. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून रिटायर झालेले. स्वतः मैदानात उतरत नसत, बाहेर खुर्ची टाकून छत्रीखाली बसत, पण कोण खेळणार आणि कोण कितव्या नंबरला जाणार हे सगळं त्या खुर्चीतून ठरायचं. उभी हयात खटल्यांचे कागद लावण्यात गेल्यामुळे त्यांना मॅचसुद्धा खटल्यासारखीच दिसे. “नवा चेंडू ज्याच्या हातात दिला तो आपला वकील,” ते म्हणत. “बॅट्समन काय, साक्षीदार. साक्षीदार उभे राहतात, पडतात. निकाल वकिलाच्या नावावर लागतो.” म्हणजे पहिली ओव्हर ज्यानं टाकली, त्याच्या नावावर अख्खी मॅच. अकरा जण खेळणार, आणि रेघ एकट्याच्या नावापुढे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेलं. घरात मराठी, पण अशी की पुण्याचा पाहुणा आला की आधी हसायचा आणि मग पाणी मागायचा. इंटरला मी दोनदा आपटलो होतो आणि एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये पोरापोरींना टायपिंग शिकवत होतो, तेही कच्च्या नोकरीवर. वडील रोज ताटावर बसले की विचारायचे, “चेंडू फेकून पोट भरतं का रे?” मी खाली मान घालून भात कालवायचो. पण खरं सांगू? मी चांगला टाकायचो. वेग बेताचा, पण चेंडू मॅटवर पडला की असा आत शिरायचा की बॅट्समनची बॅट हवेत आणि दांडी मागे. हे मीच सांगतोय, कारण दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नाही.

सांगणार कसं? माझ्या नावापुढे ‘हरल्या’च्या घरात रेघा मावत नव्हत्या.

त्याचं कारण आंधळ्यालाही दिसलं असतं. आमच्या दर आठवड्याला दोन मॅचेस असत, एक शनिवारी दुपारी, एक रविवारी. आमच्याकडे बॅट धरता येणारी माणसं तीन. दोघं भाऊ चिकपेटेत कापडाचं दुकान चालवणारे, तिसरे एका कॉलेजात प्रोफेसर. शनिवारी दुकान उघडं आणि प्रोफेसरांची प्रॅक्टिकलं, म्हणून हे तिघंही फक्त रविवारी यायचे. शनिवारी उरायचं कोण? एक दंतवैद्य, जे दोन धावा काढल्या की कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. एक तबलजी, जे बोटं जपायची म्हणून कॅच घ्यायचे नाहीत. कॅच आला की हात पाठीमागे! बाकीचेही त्याच माळेतले मणी. मी समोरच्यांना सत्तरात गुंडाळावं आणि आमच्यांनी चाळिशीत गाशा गुंडाळावा, हा शनिवारचा नेम. संध्याकाळी अण्णा खडू घ्यायचे आणि माझ्या नावापुढे रेघ ओढायचे.

आणि रविवारचा बोलर? त्याच्यामुळे तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तो बेळगावकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, उंच, हडकुळा, मनगटं अशी की घड्याळ बांधलं तर कोपरापर्यंत सरकेल. राजाजीनगरात एका खोलीत आईबरोबर भाड्यानं राहायचा आणि उदबत्त्यांच्या गोदामात पॅकिंगला होता. मंडळात पहिल्यांदा आला तेव्हा अण्णांनी विचारलं, कुठला वार जमेल? तो म्हणाला, “रविवार की अण्णा. रविवारीच सुट्टी असतेय.” झालं, रविवार त्याचा. मी जुना माणूस, माझा शनिवार होता तो माझ्याच गळ्यात राहिला. दोन्ही मोसमांत त्याच्या ‘जिंकल्या’च्या रेघा फळ्याच्या कडेपर्यंत गेल्या. मंडळात चहा आला की पहिला कप त्याला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना दाखवायच्या, तो बघा आमचा बोलर. आमचा! मी तिथंच तिळगुळाचं ताट घेऊन उभा, आणि माझा जन्म या पेटेतला.

मला त्याचा हेवा वाटायचा. आडपडदा कशाला ठेवू? साधासुधा नव्हे, घास घशात अडकेल इतका. त्याचं नुसतं नाव निघालं तरी पोटात दुखायचं. त्यात आमच्यात एक पद्धत होती, ज्या दिवशी आपली पाळी नसेल त्या दिवशी अंपायर म्हणून उभं राहायचं. म्हणजे दर रविवारी अण्णांचा जुना पांढरा कोट अंगात चढवून, खिशात सहा चिंचोके घालून, मी त्याच्या विकेटमागे उभा. चेंडू टाकला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. सहा झाले की ओव्हर. त्यामुळे झालं असं की त्याची बोलिंग माझ्याइतक्या जवळून दुसऱ्या कुणी बघितलीच नाही.

आणि ती चांगली होती हो! तेच तर दुखणं. वाईट असती तर मी सुखानं झोपलो असतो.

एका रविवारी त्याचा एक चेंडू बॅट्समनच्या पॅडवर असा बसला की मैदानाबाहेरची गाय वळून बघेल. मधली दांडी, सरळ समोर. शेंबड्या पोरानंही आउट दिला असता. तो दोन्ही हात वर करून माझ्याकडे वळला आणि ओरडला. मी चिंचोका या खिशातून त्या खिशात घातला आणि म्हणालो, “नॉट आउट.” त्यानं क्षणभर माझ्याकडे बघितलं, चेंडू विजारीला पुसला आणि “बरं की” म्हणून परत गेला. मॅच संपल्यावर बूट सोडता सोडता मला म्हणाला, “आधी बॅट लागली होती काय रे?” मी म्हणालो, “स्वल्प लागली होती.” त्यानं मान डोलावली. त्याला पटलं! भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या त्या साधेपणानं मी आणखीच जळलो.

अण्णांशी मात्र मी उघड भांडायचो. “अण्णा, बोलरनं चेंडू टाकायचा की धावाही काढायच्या? मी आणि तो, दोघंही अकराव्या नंबरचे. त्याच्यासाठी तिघं मिळून दीडशे काढतात, माझ्यासाठी तबलजी काढतात चार. यात माझा काय दोष आणि त्याचा काय पराक्रम?” अण्णा ऐकून घ्यायचे. तपकीर ओढायचे. मग म्हणायचे, “चांगला वकील फाटकी केससुद्धा जिंकतो.”

“एखादी जिंकतो. दर शनिवारी फाटकीच केस मिळाली तर?”

“तर कोर्ट म्हणतं, या वकिलात दम नाही. अरे बाबा, का हरला हे निकालपत्रात आत कुठंतरी असतं, लोक पहिली ओळच वाचतात.” आणि वर म्हणायचे, “होगली बिडप्पा.” म्हणजे जाऊ दे बाबा. त्यांना जाऊ देणं सोपं होतं. फळ्यावर नाव माझं होतं.

एकदा तो मला ओढून राजाजीनगरला घरी घेऊन गेला. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला कारण सुचलं नाही. खोली इवलीशी, सगळीकडे उदबत्तीचा वास, त्याच्या शर्टालाही तोच. त्याच्या आईनं कांदेपोह्यांची बशी पुढे केली आणि म्हणाली, “तुमचंच सांगत असतोय हा सारखं. त्यांच्यासारखं आत घालता यायला पाहिजे म्हणतोय.” तो लाजून बाहेर हात धुवायला गेला. मला पोहे गोड लागले नाहीत. मला वाटलं, रेघा सगळ्या याच्याकडे आहेत आणि वर मला शाबासकी देतोय. उपकार करतोय काय माझ्यावर? असा विचार करत मी दुसऱ्यांदा पोहे वाढून घेतले.

तिसरा मोसम सुरू व्हायच्या आधी अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं, यंदा उलट. मी रविवारी, तो शनिवारी. “त्याच्या गोदामाची सुट्टी बदलली आहे,” एवढंच म्हणाले. आता शनिवारी दुपारी सुटका, रविवारी काम. मी तोंड कोरं ठेवलं. आत मात्र लग्नाच्या वरातीतला बँड वाजत होता.

काय सांगू तुम्हाला, रविवारी बोलिंग करणं म्हणजे काय सुख असतं! दोघं भाऊ सकाळीच शंभरावर नेऊन ठेवायचे, प्रोफेसर वर पन्नास घालायचे. समोरचे आधीच घाबरलेले. कॅच उडाला की थोरला भाऊ तो झेलायचा, आणि मी नुसता वळून बघायचो, खरंच झेलला? एका रविवारी तर मला साफ लय नव्हती. चेंडू पायावर पडत होते, दोनदा वाइड गेला. तरी आम्ही जिंकलो आणि अण्णांनी रेघ ओढली. दोन वर्षं ज्या रेघेला मी शिव्या घातल्या, ती माझ्या नावापुढे पडताना बघून मला वाटलं, फळ्यात काहीतरी तथ्य असलं पाहिजे. उगीच का शिरस्तेदार झाले होते!

तोही माझ्या मॅचेसना अंपायर असायचा म्हणाल, तर नाही, रविवारी त्याला काम होतं. पण शनिवारी मला सुट्टी. तेव्हा शनिवारी कोट मीच चढवायचो आणि त्याच्या मागे उभा राहायचो. आता त्याच्या नावापुढे ‘हरल्या’ वाढत होत्या आणि मी ते अगदी जवळून बघत होतो.

मोसम अर्धा झाला तेव्हा बातमी आली. शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्याला स्वतःची क्रिकेट टीम उभी करायची होती. त्यांना एक बोलर हवा होता. बोलरला स्टोअर्समध्ये पक्की नोकरी. कारखान्याची बस दारात येणार, कँटीनमध्ये जेवण, पुढे क्वार्टर. त्यांचे स्पोर्ट्स ऑफिसर निरनिराळ्या क्लबांत जाऊन चौकशी करत होते आणि मोसमाच्या शेवटी आमच्याकडे येणार होते. एका क्लबातून एकच नाव घेणार. वडिलांना कुणीतरी सांगितलंच. त्या दिवशी त्यांनी ताटावर तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही. नुसतं म्हणाले, “बघ बाबा,” आणि मला स्वतःच्या हातानं तूप वाढलं. त्या तुपानं माझी झोप उडाली. ती नोकरी मला हवी होती. टाइपरायटरच्या खडखडाटात म्हातारं व्हायचं नव्हतं मला.

त्यालाही हवी असणारच. गोदामातल्या कामावर दोघांचं कसं चालत होतं ते मी त्या खोलीत बघितलं होतं.

आणि मग तो हेब्बाळचा शनिवार आला. तलावाच्या बांधापलीकडे तेव्हा एक मोकळं मैदान होतं, आजूबाजूला शेतं. आम्ही मॅट घोड्याच्या जटक्यात घालून नेली, खिळे ठोकून ताणली. समोरची टीम दांडगी, सगळी व्यायाम केलेली पोरं. त्यांनी पहिली बॅटिंग घेतली. तलावाकडून वारा येत होता आणि त्या वाऱ्यात आमचा बेळगावचा बोलर टाकायला लागला.

मी कसं सांगू? मी स्वतः बोलर आहे. चेंडू हातातून सुटताना कसा सुटला हे मला मागून कळतं. त्या दिवशी एकही चेंडू वाया सुटला नाही. एक बाहेर जायचा, दुसरा तसाच निघून आत यायचा, आणि बॅट्समन आपल्या पायांकडे असं बघायचा की हे कुणाचे पाय आहेत. आणि तो आत येणारा चेंडू माझा होता! माझा! दोन वर्षं मी शनिवारी जे करत होतो ते यानं कुणाकडून ऐकून, कधी गोदामातून लवकर सुटून कडेला उभं राहून बघून शिकून घेतलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होता. सात जणांना त्यानं घरी पाठवलं. तबलजींनी दोन वेळा हात पाठीमागे घेतले, तरी सात. मी बघता बघता चिंचोके बदलायचं विसरलो आणि एक ओव्हर सात चेंडूंची झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पन्नाससुद्धा झाल्या नाहीत त्यांच्या.

मग आमचे गेले आणि तीसच्या आसपास परत आले. दंतवैद्यांचा पाय मुरगळला. तो शेवटी बॅट घेऊन गेला आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा. परत येताना हसत होता. “गेली की ही बी,” म्हणाला.

अण्णा त्या दिवशी गुडघ्याच्या दुखण्यानं आले नव्हते. संध्याकाळी मंडळात आम्ही सांगितलं, हरलो. त्यांनी रेघ ओढली. मी तिथंच उभा होतो. सांगायला हवं होतं, अण्णा, आज काय बघितलं ते ऐका तरी. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ते सांगण्याइतकं कळलंच नव्हतं. मी पाणी प्यायलो आणि घरी गेलो.

मोसम संपल्यावर एका मंगळवारी संध्याकाळी ते ऑफिसर आले. अण्णा मुलीकडे म्हैसूरला गेले होते. खोलीत मी, आणि कोपऱ्यात कॅरम खेळणारे दोघं. ऑफिसर शांत, चष्मा लावलेले गृहस्थ, कन्नडमध्ये बोलत होते. त्यांनी फळा नीट वाचला. माझ्या नावापुढे यंदा एक सोडून सगळ्या जिंकल्या. त्याच्या नावापुढे एक सोडून सगळ्या हरल्या. अण्णा दर मोसमाला फळा पुसून नवा करत, त्यामुळे मागचं काहीच दिसत नव्हतं.

“एवढा फरक?” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “शनिवारी तुम्हीच अंपायर असता असं कळलं. म्हणजे त्याला तुम्ही जवळून बघितलंय.”

“हो.”

“शनिवारची टीम वेगळी असते का?”

बघा, त्या माणसानं नेमका प्रश्न विचारला होता. मला दोन वर्षांची माझी सगळी भांडणं तोंडपाठ होती. वकील, साक्षीदार, फाटकी केस, तबलजींचे हात. एक वाक्य पुरलं असतं. मला वडिलांच्या हातातली तुपाची वाटी दिसली.

“मंडळ एकच आहे सर,” मी म्हणालो.

“मग हे आकडे बरोबर समजायचे?”

“फळा आमच्या अण्णांनी लिहिलाय. त्यात खोटं काही नाही.”

“सरी,” ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि वहीत लिहून घेतलं. कोपऱ्यात सोंगट्या वाजत होत्या.

दहा-बारा दिवसांत पत्र आलं. आईनं देवापुढे ठेवलं. वडील गल्लीत एरवी ज्यांच्याशी बोलत नसत त्यांनाही सांगून आले. मी म्हैसूरपाक घेऊन अण्णांकडे गेलो. ते खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “तुला रविवार कुणी दिला, ठाऊक आहे?”

“तुम्ही.”

“मी कशाला देतोय! मोसमाच्या आधी तो आला माझ्याकडे. म्हणाला, अण्णा, त्याची बोलिंग माझ्यापेक्षा सरस आहे, पण फळ्यावर दिसत नाही. एक वर्ष मला शनिवार द्या, त्याला रविवार द्या, मग बघा. गोदामाच्या मालकाच्या मागे लागून त्यानं सुट्टी बदलून घेतली. रविवारी राबायला लागला.”

माझ्या हातात म्हैसूरपाकाचा पुडा तसाच होता. मी विचारलं, “त्याला नोकरीचं ठाऊक होतं?”

“तेव्हा कुणालाच नव्हतं. नंतर कळलं तेव्हा मीच विचारलं त्याला, परत बदलू का? तर म्हणाला, दिलेलं परत काय घ्यायचं अण्णा.” मग तपकिरीची डबी शोधत म्हणाले, “हेब्बाळला त्यानं सात काढले म्हणे. मला महिन्यानं तबलजींकडून कळलं. ऑफिसर आले तेव्हा मी नव्हतो. तू त्यांना सांगितलंस ना?”

“सांगितलं,” मी म्हणालो आणि पुडा त्यांच्यापुढे केला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कोर्टात चाळीस वर्षं माणसं खोटं बोलताना बघितलेली त्यांनी. “आयतु,” म्हणाले, झालं तर मग, आणि म्हैसूरपाकाचा तुकडा न मोडता पुडा बाजूला ठेवला.

अजून वेळ होता. सोमवारी हजर व्हायचं होतं, तो गुरुवार. बस सरळ कारखान्यापर्यंत जात होती. जाऊन ऑफिसरना सांगता आलं असतं. मी शुक्रवारी इस्त्रीला कपडे दिले, शनिवारी केस कापले, आणि सोमवारी जाऊन सही केली.

तुम्हाला वाटेल, आता तरी हेवा संपला असेल. छे! उलट वाढला. आधी निदान रेघांचा हेवा होता, त्याला कारण सांगता येत होतं. आता मला त्याच्या मनाचा हेवा वाटायला लागला. मला असं कधी सुचलं नसतं, सात जन्मांत नाही, आणि त्याला ते सहज सुचलं होतं. नोकरी लागल्याचं कळल्यावर तो स्वतः घरी आला, माझे दोन्ही हात धरून हलवले, माझ्या वडिलांना म्हणाला, “आमच्यात यांच्यासारखं कोण टाकत नाही.” मी वाट बघत होतो, एखादा टोमणा मारेल, एखादा शब्द वाकडा जाईल. एक शब्द गेला असता तर मी त्याच्यावर चिडून मोकळा झालो असतो.

पुढच्या वर्षी गोदामातलं पॅकिंगचं काम कमी झालं. तो आणि त्याची आई बेळगावला मामाकडे परत जायला निघाले. सकाळची गाडी होती. अण्णांनी निरोप पाठवला, मंडळातर्फे कुणीतरी स्टेशनवर जा. माझी दुपारची पाळी होती, म्हणून मी गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. आईला खिडकीशी बसवून तो खाली प्लॅटफॉर्मवर आला. कारखान्याच्या टीमचं विचारलं, कँटीनमध्ये काय मिळतं ते विचारलं, क्वार्टर मिळाला का विचारलं. गार्डची शिट्टी झाली तेव्हा म्हणाला, “एक विचारू काय रे?”

“विचार की.”

“त्या दिवशी हेब्बाळला मी कसं टाकलो? बाकी कुणी जवळनं बघितलंच नाही. तू बघितलास.”

नोकरी माझी होती. तो निघाला होता. आता सांगण्यात माझं काहीच जाणार नव्हतं. आणि सांगायचं काय तेही जिभेवर होतं, की तसा चेंडू मी उभ्या जन्मात टाकला नाही, तसं टाकताना कुणाला बघितलंही नाही. जगात हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो त्याच्यासमोर उभा होता.

“बरा टाकलास,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. गाडी हलली. तो उडी मारून चढला आणि दारातूनच आत वळून ओरडला, “आई, ऐकलीस काय? बरा टाकलो म्हणतोय हा!”